टोरंटो विद्यापीठाचा प्रवेश स्वीकारावा की नाही, हे कसे ठरवावे

बारावीचा निकाल आणि कॅनडातील विद्यापीठाने देऊ केलेला प्रवेश स्वीकारण्याची मुदत साधारणपणे एकाच सुमारास येतात. ओंटारिओ प्रांतातील विद्यापीठांना बहुधा जूनच्या सुरुवातीपर्यंत होकार कळवावा लागतो आणि नेमक्या त्याच आठवड्यांत घरात एमएचटी-सीईटी, जेईई आणि इथल्या महाविद्यालयांच्या प्रवेशफेऱ्यांची धावपळ चालू असते. अशा घाईत टोरंटो विद्यापीठासारख्या नामांकित संस्थेचे पत्र आले की आता विचार करण्यासारखे काही उरलेच नाही, असे घरातल्या सगळ्यांना वाटू लागते. विचार करण्यासारखे पुष्कळ उरलेले असते आणि तो कसा करावा यासाठी हा लेख आहे.

उदाहरण म्हणून मी टोरंटो विद्यापीठच धरले आहे, कारण मोठे आणि अभ्यासाला कडक असे विद्यापीठ म्हटले की कॅनडात पहिले नाव त्याचेच निघते. ब्रिटिश कोलंबिया, मॅकगिल किंवा वॉटर्लू यांच्याबाबतही यातील बरेचसे लागू पडेल. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. हा निर्णय विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकावरून घेऊ नये. पहिल्या दोन वर्षांत तिथे प्रत्यक्ष काय घडते आणि अडल्यावर आपले मूल स्वतःहून मदत मागायला जाते का, या दोन गोष्टी तपासून तो घ्यावा.

नाव कशामुळे आहे

१८२७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे तीन परिसर आहेत: शहराच्या मध्यभागी सेंट जॉर्ज, पश्चिमेला मिसिसॉगा आणि पूर्वेला स्कारबरो. तिन्ही मिळून ९० हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात. इन्सुलिनचा शोध १९२१-२२ मध्ये इथे लागला आणि २०२४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले जेफ्री हिंटन इथलेच. हा लौकिक खरा आहे, पण तो मुख्यतः संशोधनाचा आहे. जागतिक क्रमवाऱ्यांतही संशोधन, त्याला मिळणारे संदर्भ आणि विद्वानांमधील प्रतिष्ठा यांनाच मोठे वजन असते. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी कसे शिकवले जाते, याबद्दल त्या आकड्यातून फारसे काही कळत नाही.

पहिल्या वर्षाचे लोकप्रिय विषय, उदाहरणार्थ मानसशास्त्राची किंवा जीवशास्त्राची ओळख, शेकड्यांनी विद्यार्थी असलेल्या सभागृहांत शिकवले जातात. त्यांतले सर्वांत मोठे कॉन्व्होकेशन हॉल असून तिथे सुमारे १७०० जण बसतात. प्राध्यापक उत्तम असतात, पण ते नावाने ओळखतील ही अपेक्षा ठेवता येत नाही. आठवड्यातून एकदा लहान गटाचे ट्युटोरियल होते आणि ते बहुधा एमएस्सी किंवा पीएचडी करणारा विद्यार्थी, म्हणजे टीए, घेतो. गृहपाठ, गुण आणि सूचना क्वेर्कस या संकेतस्थळावर येतात. वर्गाला दांडी मारली तर घरी फोन जात नाही आणि चाचणीत नापास झाले तरी कोणी बोलावून घेत नाही.

याच व्यवस्थेत, शोधणाऱ्याला फार चांगले काही मिळते हेही तितकेच खरे आहे. कला व विज्ञान शाखेत दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला प्राध्यापकाच्या संशोधनात काम करून त्याचे श्रेयांक (क्रेडिट) मिळवता येतात. पहिल्या वर्षीही पंचवीसएक विद्यार्थ्यांची छोटी चर्चासत्रे घेता येतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी वर्ग लहान होतात आणि जगात नावाजलेले संशोधक समोर बसून शिकवतात. मात्र यातले काहीही आपोआप पदरात पडत नाही; अर्ज करावा लागतो, ईमेल लिहावे लागते, प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका विचारण्यासाठी ठेवलेल्या वेळी, जाऊन बसावे लागते.

दुसऱ्या वर्षाचे दार

प्रवेशपत्र वाचताना बहुतेक पालकांच्या नजरेतून जी गोष्ट सुटते, ती अशी की कला व विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला म्हणजे हवा तो विषय मिळाला असे नाही. विद्यार्थी आधी एका प्रवाहात येतो, पहिल्या वर्षी साधारण चार श्रेयांक पूर्ण करतो आणि मग विषयाची निवड करतो. एक स्पेशालिस्ट (एकाच विषयाचा सखोल अभ्यास), किंवा दोन मेजर (मुख्य विषय), किंवा एक मेजर आणि दोन मायनर (जोडविषय) अशी ही रचना असते आणि ऑनर्स पदवीसाठी एकूण २० श्रेयांक लागतात. काही विषय सर्वांना खुले असतात, पण मागणी असलेल्या अनेक विषयांत जागा मर्यादित असतात आणि पहिल्या वर्षाच्या ठरावीक विषयांतले गुण पाहून त्या दिल्या जातात.

संगणकशास्त्राचेच उदाहरण घ्या, कारण आपल्याकडून जाणाऱ्यांत तेच मागणारे सर्वाधिक दिसतात. सेंट जॉर्जला ज्याला संगणकशास्त्राच्याच प्रवेशगटात घेतले आहे, त्याने पहिल्या वर्षीच्या विषयांत गुणांची अट पूर्ण केली की त्याची जागा पक्की असते. जो गणिताच्या किंवा अन्य विज्ञानाच्या प्रवाहातून आला आहे, त्याच्यासाठी जागा अगदी मोजक्या असतात आणि चांगले गुण मिळवूनही ती हुकू शकते. ‘आधी आत तर जाऊ, मग बदलून घेऊ’ हा आपल्याकडचा नेहमीचा हिशेब इथे फार महागात पडतो. म्हणून पत्रात नेमका कोणता प्रवाह लिहिला आहे हे पाहावे, विद्यापीठाच्या अ‍ॅकॅडमिक कॅलेंडरमध्ये, म्हणजे विषय आणि नियमांच्या पुस्तिकेत, हव्या त्या विषयाच्या प्रवेशअटी शोधाव्यात आणि विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारावा: हा विषय मिळाला नाही आणि तुझ्या दुसऱ्या पसंतीचा मिळाला, तरी तुला इथे चार वर्षे राहावेसे वाटेल का? या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले, तर माझा सल्ला नकाराकडे झुकतो. ज्या विद्यापीठाने तोच विषय थेट दिला आहे, त्याचा क्रमांक खाली असला तरी ते अधिक चांगले.

अभियांत्रिकीची गोष्ट वेगळी आहे. तिथे बहुतेकांना शाखा प्रवेशाच्या वेळीच मिळते आणि तिसऱ्या वर्षानंतर १२ ते १६ महिने उद्योगात काम करण्याची सोयही आहे. तिथला अभ्यासाचा बोजा मात्र हलका नाही. त्यातही इंजिनिअरिंग सायन्स हा अभ्यासक्रम ज्याला गणित मनापासून आवडते त्यानेच घ्यावा.

गुणांचा अर्थ

बारावीला ९५ टक्के मिळवलेल्या मुलाला पहिल्या चाचणीत ६२ मिळाले तर घरात काय होईल, याची कल्पना प्रत्येक पालकाने करून पाहावी, कारण असे घडण्याची शक्यता चांगलीच आहे. टोरंटोत ८५ आणि त्यावर सगळ्यांना ४ हा पूर्ण ग्रेड पॉइंट मिळतो, ७३ ते ७६ म्हणजे बी आणि ३, तर ६३ ते ६६ म्हणजे सी आणि २. मोठ्या विषयांची सरासरी कित्येकदा सी प्लस किंवा बी मायनसच्या आसपास असते. शिवाय गुणपत्रिकेवर बहुतेक विषयांत विद्यार्थ्याच्या श्रेणीशेजारीच वर्गाची सरासरी श्रेणीही छापलेली असते. हे क्रूर वाटेल, पण मला ती पद्धत न्याय्य वाटते: सी प्लस सरासरीच्या विषयात मिळालेला बी प्लस काय मोलाचा आहे, हे पुढे ती गुणपत्रिका पाहणाऱ्याला कळते.

कला व विज्ञान शाखेत ग्रेड पॉइंटची एकूण सरासरी १.५० च्या खाली गेली की विद्यार्थ्याला प्रोबेशनवर, म्हणजे सुधारण्याच्या अटीवर, ठेवतात आणि ऑनर्स पदवीसाठी किमान १.८५ लागते. हे आकडे घाबरण्यासाठी सांगत नाही. व्यवस्थेत सावरायला जागाही आहे. शरद सत्रातला विषय साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत गुणांवर परिणाम न होता सोडता येतो, आणि २० पैकी २ श्रेयांकांपर्यंतचे विषय फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण या पद्धतीने घेता येतात, मात्र ते मुख्य विषयाच्या अटींत धरले जात नाहीत. आपल्याकडे विषय सोडणे म्हणजे नामुष्की मानली जाते. तिथे वेळेवर सोडलेला एक विषय कित्येकदा उरलेले चार वाचवतो, आणि हे पालकांनी आधीच मान्य केले असेल तरच मूल ते पाऊल उचलते.

जीवशास्त्र घेऊन पुढे डॉक्टर होण्याचा बेत असेल, तर इथेच थांबून विचार करावा. कॅनडात वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते, त्यासाठी अतिशय उंच सरासरी लागते आणि बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्यांना घेतच नाहीत. ज्याला डॉक्टरच व्हायचे आहे, अशा भारतीय नागरिकाने ‘नीट’ परीक्षा सोडून या वाटेने जाणे मला योग्य वाटत नाही.

घरी करून पाहण्याची परीक्षा

निर्णयापूर्वी दोन आठवडे मिळत असतील तर पुढील प्रयोग जरूर करावा. गणित, संगणकशास्त्र, भौतिकशास्त्र यांकडे जाणाऱ्या अनेकांना पहिल्या वर्षी एमएटी १३७ हा सिद्धतांसह कॅलक्युलसचा विषय घ्यावा लागतो किंवा घ्यावासा वाटतो. त्याची व्याख्याने यूट्यूबवर सर्वांसाठी खुली आहेत. विद्यार्थ्याने ती रोज थोडी पाहावीत आणि त्यातले प्रश्न कागदावर सोडवावेत.

फरक कुठे आहे, तो एका साध्या उदाहरणात दिसतो. क्ष ही संख्या ३ कडे जाते तेव्हा २क्ष + १ ची सीमा किती, असे विचारले तर बारावीचा विद्यार्थी ३ घालून ७ हे उत्तर क्षणात सांगेल. इथे प्रश्न असा असतो की ती सीमा ७ आहे हे व्याख्येवरून सिद्ध करा. कोणीही कितीही लहान एप्सिलॉन (७ पासून चालेल तेवढे अंतर) दिला तरी त्याला पुरेल असा डेल्टा (क्ष चे ३ पासूनचे अंतर) आपण निवडून दाखवायचा. २क्ष + १ आणि ७ यांतील अंतर हे क्ष आणि ३ यांतील अंतराच्या दुप्पट आहे, म्हणून डेल्टा हा एप्सिलॉनच्या निम्मा घेतला की काम होते, आणि हा सगळा युक्तिवाद पूर्ण वाक्यांत, पायऱ्या न गाळता लिहायचा. इथे उत्तराला गुण नाहीत, कारण उत्तर प्रश्नातच दिलेले आहे. गुण आहेत ते कारणे मांडण्याला. क्लासमध्ये प्रश्नांचे साचे पाठ करून वर आलेला विद्यार्थी नेमका इथेच अडतो, मग तो कितीही हुशार असो.

या दोन आठवड्यांत किती समजले यापेक्षा न समजल्यावर त्याने काय केले, हे पाहावे. तो पुन्हा व्याख्यान लावतो का, मित्राला विचारतो का, कागदावर खोडून पुन्हा लिहितो का? की वही मिटवून ‘नंतर बघू’ म्हणतो? मानव्यविद्यांकडे जाणाऱ्यानेही अशीच परीक्षा घ्यावी: तीसएक पानांचा इंग्रजी विद्वत्तापूर्ण लेख वाचून लेखकाचे म्हणणे काय आणि ते कुठे पटत नाही, हे दोन पानांत स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे. ज्याला हे करताना कंटाळा आला नाही, उलट रात्री जागून पुरे करावेसे वाटले, त्याच्या बाबतीत माझी निम्मी शंका तिथेच मिटते.

एकटेपणाचा प्रश्न

अभ्यास कठीण असण्यापेक्षा तो एकट्याने करावा लागणे हे अधिक जड जाते. टोरंटो विद्यापीठातले बरेच विद्यार्थी शहरातून आणि उपनगरांतून रोज ये-जा करतात, त्यामुळे संध्याकाळी ओळखीचे चेहरे पांगतात. २०१९ साली विद्यार्थ्यांच्या मृत्यूंनंतर कॅम्पसवर निदर्शने झाली आणि मानसिक आरोग्यासाठी विद्यापीठाने कृतिदल नेमले. त्यानंतर मदतीच्या सोयी वाढल्या. चोवीस तास, अनेक भाषांत फोनवर समुपदेशन मिळते. तरी पालकांनी हा विषय प्रवेशाआधी घरात उघडपणे बोलावा, कारण जे मूल घरी असताना निराशा लपवत आले आहे ते तिथे गेल्यावर अचानक बोलू लागेल असे मानण्याला आधार नाही. टोरंटोतली हिवाळ्यातली रात्रीची दोनची वेळ म्हणजे आपल्याकडची दुपारची साडेबारा. त्या वेळी फोन आला तर तो कोण उचलणार, एवढे साधेसुद्धा ठरवून ठेवावे.

इतक्या मोठ्या गर्दीत आपले असे घर देण्यासाठी सेंट जॉर्जच्या कला व विज्ञान शाखेत सात कॉलेजे आहेत: युनिव्हर्सिटी, व्हिक्टोरिया, ट्रिनिटी, सेंट मायकेल्स, इनिस, न्यू आणि वूड्सवर्थ. शिकवणे सर्वांना एकत्रच असते, पण वसतिगृह, रजिस्ट्रारचे कार्यालय, लेखनाला मदत करणारे केंद्र आणि शिष्यवृत्त्या कॉलेजच्या असतात. अडचणीत पहिला दरवाजा कॉलेजच्या रजिस्ट्रारचा, हे मुलाला जाण्यापूर्वीच माहीत असावे. पहिल्या वर्षी वसतिगृहात राहणे मी आवश्यक मानतो. मुदतीत अर्ज करणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला विद्यापीठ त्याची हमी देते. पैसे वाचवण्यासाठी ब्रॅम्प्टन या उपनगरात नातेवाइकांकडे राहून रोज तास-दीड तासाचा प्रवास करण्याचा बेत कागदावर चांगला दिसतो, परंतु त्यात ट्युटोरियलनंतरच्या गप्पा, रात्रीचे गटाने बसून केलेले अभ्यास आणि मैत्री यांवर पाणी सोडावे लागते. आपल्या माणसांची ओढ लागली तर रविवारी जाता येते. मराठी भाषिक मंडळाचा गणपती आणि दिवाळीही तिथे असतेच.

पैसा

परदेशी विद्यार्थ्याला सेंट जॉर्जला वर्षाचे शिक्षणशुल्क ६० हजार कॅनेडियन डॉलरच्या पुढे जाते, संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकीला आणखी जास्त. ओंटारिओतल्या विद्यार्थ्याला कला व विज्ञान शाखेत तेच सहा हजारांच्या आसपास पडते. निवास, जेवण, विमा, पुस्तके यांसाठी आणखी २० हजार धरावेत. डॉलरला ६० रुपये असा कमीत कमी हिशेब केला तरी चार वर्षांचे एक कोटी नव्वद लाखांच्या वर होतात आणि शुल्क दरवर्षी वाढू शकते. घर किंवा शेती तारण ठेवूनच हा खर्च भागणार असेल, तर मी जाऊ नये असे म्हणेन, कारण अशा कर्जाच्या दडपणाखाली मूल विषय सोडू शकत नाही, बदलू शकत नाही आणि नापास झाल्याचे सांगूही शकत नाही. सत्र चालू असताना आठवड्याला २४ तासांपर्यंत बाहेर काम करण्याची परवानगी आहे, परंतु इतक्या कडक अभ्यासात त्यातून खिशाचा खर्च निघाला तरी पुष्कळ झाले. लेस्टर बी. पिअर्सन शिष्यवृत्तीत शुल्क, पुस्तके आणि निवास सर्व काही चार वर्षे मिळते, पण त्यासाठी शाळेने आधीच्या शरद ऋतूत विद्यार्थ्याचे नाव सुचवावे लागते; प्रवेशपत्र आल्यावर तिचा विचार करून उपयोग नाही.

पदवीनंतर तीन वर्षांपर्यंत काम करण्याचा परवाना मिळू शकतो, मात्र २०२४ पासून कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आहे आणि नियम वारंवार बदलत आहेत. कायमच्या वास्तव्याच्या भरवशावर हा खर्च मांडू नये.

दुसऱ्या वाटा

याच विद्यापीठाची पदवी हवी, पण गर्दी नको, असे असेल तर मिसिसॉगा आणि स्कारबरो यांचा मनापासून विचार करावा. पदवी टोरंटो विद्यापीठाचीच मिळते, परिसर लहान आहे, आणि स्कारबरोला अनेक विषयांत शिक्षणाबरोबर नोकरीचा अनुभव देणारा को-ऑप आहे. नोकरीचा अनुभवच मुख्य हेतू असेल, तर १९५७ पासून ती पद्धत चालवणारे वॉटर्लू अधिक सरळ. प्राध्यापकांनी नावाने ओळखावे असे वाटणाऱ्यासाठी न्यू ब्रन्सविकमधले माउंट अ‍ॅलिसन किंवा नोव्हा स्कोशियातले अकेडिया अशी पदवी शिक्षणालाच वाहिलेली छोटी विद्यापीठे आहेत, ज्यांची नावे आपल्याकडे फारशी कोणी घेत नाही.

ज्याला संशोधनाची खरी ओढ आहे, त्याच्यासाठी मला सर्वांत पटणारी वाट वेगळीच आहे. पदवी पुण्याच्या आयसर किंवा मुंबईच्या आयसीटीसारख्या संस्थेतून घ्यावी आणि टोरंटोला पीएचडीसाठी जावे. तिथे पीएचडीच्या विद्यार्थ्याला विद्यापीठ निधी देते, आणि ज्या संशोधनामुळे त्या संस्थेचे नाव झाले आहे, त्याच्या अगदी मध्यभागी त्याला काम करायला मिळते.

ठरवताना आणि ठरल्यावर

शेवटची बैठक घरातल्या सगळ्यांनी एकत्र घ्यावी, पण तिच्याआधी विद्यार्थ्याने एकट्याने एक पान लिहावे: मी कोणता विषय का घेणार, तो मिळाला नाही तर काय करणार, पहिल्या चाचणीत ५५ मिळाले तर कोणाकडे जाणार. हे पान ‘नाव मोठे आहे’ एवढ्यावरच संपत असेल, तर उत्तर मिळाले असे समजावे. विभागाचे नाव, दोन-तीन विषयांचे क्रमांक, दुसरी पसंती आणि मदतीचा दरवाजा हे सगळे त्यात आले असेल आणि पैशाची सोय घर हादरवणारी नसेल, तर निर्धास्तपणे होकार द्यावा. अशा विद्यार्थ्याला हे विद्यापीठ जे देऊ शकते ते फार थोड्या ठिकाणी मिळते.

होकार दिल्यावर वसतिगृहाचा अर्ज वेळेत गेला आहे ना याची खात्री करून घ्यावी, कारण तो बहुधा प्रवेश स्वीकारण्याच्या आधीच, मार्चअखेरपर्यंत भरलेला असावा लागतो. प्रवेश सशर्त असेल तर निकाल हाती येताच बोर्डाची गुणपत्रिका विद्यापीठाला कशी पाठवायची ते प्रवेश कार्यालयाला लेखी विचारावे. विद्यार्थी राज्य मंडळाचा असेल तर हे विशेष काळजीने करावे. प्रांताचे प्रमाणपत्र (प्रोव्हिन्शियल अटेस्टेशन लेटर) विद्यापीठामार्फत मिळते आणि त्याशिवाय अभ्यास परवान्याचा (स्टडी परमिट) अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून अनामत भरल्यावर लगेच त्याचा पाठपुरावा सुरू करावा. सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला वर्षाच्या निर्वाहासाठी २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात, तेही शुल्क आणि प्रवासखर्च सोडून. बायोमेट्रिक्ससाठी मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात जूनमध्येच वेळ घेतली, तर सप्टेंबरच्या पहिल्या तासाला वर्गात पोहोचणे शक्य होते.